पाटीवर न लिहिलेलं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बडोद्याला शिकायला जायचं ठरलं, तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘म्युझियम दाखवायला शिकावं लागतं? दार उघडायचं आन् दाखवायचं!’ मला हसू आलं. उत्तर मात्र देता आलं नाही. ‘ते वेगळं असतं,’ एवढंच पुटपुटले आणि बॅग भरायला लागले. ही गोष्ट २००३ सालची. पुढची दोन वर्षं विद्यापीठात आणि त्यानंतर नोकरीत मी जे काही शिकले, ते सगळं आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेलं, असं आज वाटतं. संग्रहालयात कला कशी शिकवायची, आणि ती चार भिंतींबाहेरच्या लोकांपर्यंत कशी न्यायची, हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे. तो नेमका काय आहे आणि त्याची गरज काय, ते आज सांगायचं आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, औंधजवळ. औंधच्या डोंगरावर यमाईचं देऊळ आहे, आणि त्याच डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आयुष्यभर जमवलेल्या कलावस्तूंसाठी त्यांनी १९३८ साली ही वास्तू उभी केली. एवढ्याशा संस्थानात हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ हे शिल्प येऊन पोचलं, याचं आजही परदेशी पाहुण्यांना नवल वाटतं. माझी आई दरवर्षी यमाईला जायची. डोंगर चढायची, ओटी भरायची, उतरायची. संग्रहालयाच्या दारावरून ती किती वेळा गेली असेल, त्याचा हिशेब नाही. आत मात्र एकदाही गेली नव्हती. का नाही गेलीस, असं विचारलं तर म्हणायची, ‘ते शिकलेल्यांचं. आम्हाला काय कळतंय त्यातलं?’

मी आत गेले ती शाळेच्या सहलीबरोबर. दोघा-दोघांची रांग, पुढं एक गुरुजी, मागं एक बाई. ‘हात लावू नका, बोलू नका, पटपट चला,’ ही तीन वाक्यं सोडून त्या दिवसातलं मला दुसरं काहीच आठवत नाही. परत आल्यावर निबंध लिहायचा होता. मी पाट्यांवरून उतरवून घेतलेली नावं ओळीनं लिहिली आणि दहापैकी आठ गुण मिळवले. गुण मिळाले, पण एकही वस्तू पाहिली नव्हती. तुमच्यापैकी अनेकांची पहिली भेट अशीच झाली असेल. गुरुजींचा दोष नव्हता. संग्रहालयात मुलांना न्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

आता बडोदाच का, ते सांगते. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची विद्याशाखा १९५० साली सुरू झाली आणि संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ साली. म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं होतात न होतात तोच, संग्रहालय चालवणं हा पदवी घेऊन करायचा व्यवसाय आहे, असं कुणीतरी ठरवलं होतं. बडोद्याला त्याची पूर्वपीठिकाही होती. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बागेतलं भव्य संग्रहालय १८९४ साली प्रजेसाठी खुलं केलं. पुढं १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यात फिरती वाचनालयंसुद्धा होती. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या. लोक आपल्याकडे येत नसतील तर आपण लोकांकडे जायचं, हा विचार तिथल्या मातीत शंभर वर्षांपूर्वी रुजला होता.

आम्हाला दिलेला पहिला अभ्यास अगदी साधा होता. दालनात स्टुलावर बसायचं आणि येणाऱ्या माणसांकडे पाहायचं. वस्तूंकडे नाही, माणसांकडे! कोण कुठं थांबतं, किती वेळ थांबतं, काय बोलतं, हे वहीत टिपायचं. बडोद्याच्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे. तिथं कायम गर्दी. लघुचित्रांसमोरून मात्र लोक बसच्या खिडकीतून बाहेर पाहावं तसे जायचे. मला वाटलं, आपल्याकडच्या माणसांना चित्रातलं कळत नाही. मग वर्गात आम्हाला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला एक अभ्यास दाखवला गेला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला होता. जगातल्या नामांकित चित्रांसमोर तिथले प्रेक्षक सरासरी किती वेळ उभे होते? सत्तावीस सेकंद. त्यातला काही वेळ पाटी वाचण्यात जातो, तो वेगळाच. तेव्हा उमगलं, की हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. कसं पाहायचं हे कुणी दाखवलेलं नसलं, की शिकलेला माणूसही पाटी वाचतो आणि पुढं जातो.

आमच्या अभ्यासाचे ढोबळमानानं तीन भाग पडत. पहिला भाग वस्तूंचा. कलेचा इतिहास, वस्तूंची नोंद ठेवण्याची पद्धत, त्यांची निगा. लहानपणी ज्याचा राग यायचा त्या ‘हात लावू नका’चं कारण मला इथं समजलं. आपल्या बोटांवर घाम असतो, तेल असतं, मीठ असतं. पितळेच्या मूर्तीवर आज उमटलेला ठसा काही महिन्यांनी डाग होऊन वर येतो. कागद आणि कापड यांचा वैरी म्हणजे उजेड. म्हणून जुनी चित्रं आणि पैठण्या ठेवतात त्या दालनात उजेड पन्नास लक्सच्या आसपास ठेवतात. घरातल्या संध्याकाळच्या दिव्यापेक्षाही तो मंद वाटतो. लोकांना वाटतं, विजेची काटकसर चालली आहे! हे कारण मुलांना नीट सांगितलं, की तीच मुलं दुसऱ्यांना हात लावू देत नाहीत. नुसती दटावणी केली तर पाठ वळताच हात लावतात. आणि जिथं स्पर्शाशिवाय वस्तू समजणारच नाही, तिथं तिची प्रतिकृती करून हातात द्यावी लागते. अंध माणसांसाठी तर दुसरा मार्गच नाही.

दुसरा भाग शिकण्याचा. माणूस चित्रातून, वस्तूतून शिकतो म्हणजे काय करतो? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३४ सालच्या ‘आर्ट ॲज एक्स्पीरिअन्स’ या ग्रंथात मांडलं, की कलाकृती म्हणजे नुसती भिंतीवरची वस्तू नव्हे. पाहणाऱ्याच्या अनुभवाशी तिची गाठ पडते तेव्हा कुठं ती पुरी होते. हे वाचायला छान वाटतं, पण दालनात चाळीस मुलं समोर उभी असताना करायचं काय? त्याचं एक उत्तर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनवाईन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांनी तयार केलं. त्यांची पद्धत तीन प्रश्नांची आहे. मराठीत सांगायचं तर : ‘इथं काय चाललंय?’ ‘हे तुला कशावरून वाटलं?’ ‘आणखी काय दिसतंय?’

बस, एवढंच. चित्रकाराचं नाव, साल, शैली हे काहीही आधी सांगायचं नाही. मुलाला म्हणू द्यायचं, ‘ही बाई रुसली आहे.’ त्याला चूक म्हणायचं नाही, बरोबरही म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, ‘कशावरून?’ मग मूल पुन्हा चित्राकडे वळतं. ‘तिनं मान वळवली आहे. ताट तसंच पडलंय.’ लगेच दुसरं मूल म्हणतं, ‘रुसली नाही, वाट बघतेय. नजर दाराकडे आहे.’ हा जो ‘कशावरून’ आहे ना, तो मला या सगळ्या शिक्षणाचा कणा वाटतो. आपलं मत असावं, पण त्याला डोळ्यांसमोरचा पुरावा असावा, आणि दुसऱ्याचा पुरावा जास्त पक्का असेल तर आपलं मत बदलावं. चित्रकलेपुरतीच ही शिस्त लागते असं थोडंच आहे? 

तिसरा भाग लोकांचा, समाजाचा. इथं माझी खरी परीक्षा झाली. वर्गात आम्हाला वॉशिंग्टनमधल्या एका वस्तीची गोष्ट सांगितली होती. अ‍ॅनाकोस्टिया हा त्या शहराचा दुर्लक्षित भाग. वस्ती प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांची. तिथली माणसं शहरातल्या मोठ्या संग्रहालयांकडे फिरकत नाहीत, म्हणून १९६७ साली स्मिथसोनियन संस्थेनं त्या वस्तीतच, एका जुन्या चित्रपटगृहात, शेजारच्या माणसांचं संग्रहालय उघडलं. त्याचे प्रमुख होते जॉन किनार्ड. त्यांनी लोकांनाच विचारलं, की तुम्हाला काय पाहायचं आहे? उत्तरांतून एक विषय पुढं आला, तो म्हणजे उंदीर! वस्तीत उंदरांचा सुळसुळाट होता, मुलांना चावत होते. मग १९६९ साली तिथं उंदरांवर प्रदर्शन भरलं. उंदीर कुठून आला, का वाढतो, रोग कसे पसरवतो, त्याला आवरायचं कसं. संग्रहालयात राजांच्या तलवारीच असाव्यात हा समज त्या एका प्रदर्शनानं मोडीत काढला.

आम्हाला एवढ्या लांब जायची गरज नव्हती. बडोद्यापासून काही तासांच्या अंतरावर छोटा उदेपूरचा राठवा आदिवासींचा मुलूख आहे. तिथं घराच्या ओसरीच्या भिंतीवर पिठोरा लिहितात. हो, ‘लिहितात’ असंच म्हणतात. रांगेनं धावणारे घोडे, सूर्यचंद्र, शेत, विहीर, सगळी सृष्टी त्या भिंतीवर उतरते. घरात नवस असेल तर पिठोरा मांडतात. लखारा चित्र काढतो, आणि बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, एकेका आकृतीपुढं उभा राहून ते चित्र वाचून दाखवतो. कुणी राहून गेलं असेल तर तिथल्या तिथं ते काढून घेतो. आता सांगा, हे संग्रहालयात मांडायचं कसं? काचेमागं घोडे लावता येतील, पण नवस, रात्रभरचं जागरण, बडव्याचा आवाज हे कुठं ठेवणार? त्याच भागात तेजगढला गणेश देवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या आदिवासी अकादमीत जे संग्रहालय आहे, त्याचं नावच ‘वाचा’ आहे. वाचा म्हणजे वाणी. आमची वस्तू दाखवायची तर आमच्या तोंडून ऐका, असं ते नाव सुचवतं.

आपल्याकडे वारली चित्रांचं असंच झालं. लग्नाचा चौक सवाष्णींनी भिंतीवर लिहायचा, ही रीत. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांवर जाऊन त्या कलेला कागदावर यायची वाट करून दिली. जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे चांगलंच झालं. पण कपांवर आणि चादरींवर वारली नक्षी पाहताना तो चौक कुणाचा, कशासाठी, हे किती जणांना ठाऊक असतं? ते सांगणं हे संग्रहालयातल्या शिक्षकाचं काम.

आता ज्या प्रसंगानं मला जमिनीवर आणलं, तो सांगते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी महाराष्ट्रातल्या एका छोट्या संग्रहालयात दोन महिने काम करत होते. नाव सांगत नाही. एके दिवशी तालुक्याच्या गावी मेळाव्याला आलेल्या बचत गटाच्या वीस-बावीस बायका पावसामुळे आत शिरल्या. मला वाटलं, संधी आली. मी सुरू झाले. सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंत, सनावळ्यांसकट! बायका माना डोलावत होत्या. पदरानं केस पुसत होत्या. कुणी जांभई आवरत होतं. त्या माझा मान राखत होत्या, ऐकत मात्र नव्हत्या.

मग शेवटच्या दालनात एक साठीच्या आजी एका कपाटापाशी थबकल्या. आत वाटीच्या आकाराची, बाहेरून नक्षी कोरलेली एक लाकडी वस्तू होती. तळाला तीन भोकं. खालची पाटी अशी : ‘लाकडी पात्र, बहुधा पूजेचे.’ आजींनी मला विचारलं, ‘बाई, ह्ये काय लिवलंय?’ मी वाचून दाखवलं. आजी खुदकन हसल्या आणि मागं वळून म्हणाल्या, ‘अगं ये, हिकडं या. चाडं ठिवलंय बघा हितं!’

क्षणात सगळ्या बायका त्या कपाटाभोवती जमल्या. एक म्हणाली, तिफणीचं चाडं. दुसरी म्हणाली, आमच्याकडं कुरी म्हणत्यात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बैलांनी ओढायच्या तिफणीला तीन फण असतात. प्रत्येक फणाला एक पोकळ नळी. त्या तिन्ही नळ्यांच्या तोंडाशी वर चाडं बसवलेलं असतं. पेरणारी बाई तिफणीमागं चालत मुठीतलं बी चाड्यात सोडत जाते. भोकांतून ते तीन नळ्यांत सारखं वाटलं जातं आणि तीन ओळींत मातीत पडतं. यालाच ‘चाड्यावर मूठ धरणं’ म्हणतात. आजींनी रिकामी मूठ पुढं धरली आणि बोटांच्या फटीतून बी कसं सुटतं ते करून दाखवलं. ‘मूठ सैल सुटली तर बी वावराच्या निम्म्यातच संपतंय. आवळली तर रान मोकळं ऱ्हातंय. बैल चालंल तशी मूठ चालाय पायजे.’ वीस बायकांच्या वीस मुठी हवेत तशाच हलत होत्या. दालनात तिफण नव्हती, बैल नव्हते. तरी पेरणी चालली होती.

मी हळूच म्हटलं, ‘मग पूजेचं असं का लिहिलं असेल?’ आजी म्हणाल्या, ‘त्ये बी खोटं न्हाई. पेरणीच्या दिशी पूजा करतोयच की आपण. हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो. पर आधी चाडं, मग पूजा.’ 

त्या रात्री मी घरी फोन केला. आईला विचारलं, ‘चाडं माहीत आहे का गं तुला?’ पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, ‘माहीत हाय म्हंजे? तुझ्या वक्ताला सहावा महिना होता. तरी सगळ्या रानाला मूठ मीच धरली हुती.’

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. शाळेसाठी मला लहानपणीच शहरात मावशीकडं ठेवलं होतं. मी शिकावं म्हणून आई राबली, आणि शिकून मी अशी जागा गाठली, की जिथं आईच्या हातातली वस्तू काचेमागं होती आणि तिचं नाव मला येत नव्हतं. ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं?’ असं म्हणणारी आई मला आठवली. तिला न कळणारं तिथं काय होतं? कळत नव्हतं ते आम्हाला.

पाटी बदलायला मात्र वर्ष लागलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘कशावरून म्हणता? पुरावा काय?’ तेव्हा राग आला, पण प्रश्न रास्तच होता. मीच मुलांना तो शिकवत होते ना! मग जवळच्या गावात जाऊन जुनी तिफण शोधली. तिचं माप घेतलं, भोकांचा आणि नळ्यांचा मेळ बसतो का ते पाहिलं. चार वृद्ध बायकांचं आणि एका सुताराचं बोलणं ध्वनिफितीवर घेतलं. तिफण कशी जुळवतात, चाड्याला लाकूड कोणतं, नक्षी कधी आणि कोण करतं, हे सारं नोंदवलं. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रांनी तिफणी मागं सारल्या होत्या. ज्यांनी मूठ धरली त्यांची पिढी साठीच्या पुढं गेली होती. त्या बायका गेल्या असत्या, तर पाटीवर ‘बहुधा पूजेचे’ हेच कायमचं राहिलं असतं. लाकूड शेकडो वर्षं टिकतं. वस्तूची माहिती एका पिढीत पुसली जाते. म्हणून संग्रहालयानं वस्तू जपायची तर ती वापरणारी माणसंही ऐकायची असतात. आता तिथल्या पाटीवर ‘चाडे’ हे नाव आहे, उपयोग आहे, पूजेचा उल्लेखही आहे, आणि माहिती कोणत्या गावच्या महिलांनी दिली तेही आहे.

जगभरच्या संग्रहालयांनाही हे उशिरानंच उमजलं. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं, म्हणजे ‘आयकॉम’नं, २०२२ साली प्राग इथं संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संग्रहालय सर्वांना खुलं आणि सामावून घेणारं असावं, आणि त्याचं काम समाजाच्या सहभागानं चालावं, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. खरं तर आपल्याकडे पुण्याचे दिनकर केळकर या वाटेनं फार आधी गेले होते. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणाऱ्या या माणसानं अडकित्ते, दिवे, वज्री, फणेरपेट्या अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. तिथं आजीबरोबर गेलेल्या नातवंडांना पाटी वाचावी लागत नाही. आजीच बोलत असते.

हे शिक्षण घ्यावंसं कुणाला वाटत असेल तर वाटा अनेक आहेत. बडोद्यात संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कोलकाता विद्यापीठातही हा विषय जुना आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांनी पदव्युत्तर पदविकेचे अभ्यासक्रम चालवले आहेत. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाचा विभाग १९६६ पासूनचा आहे. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत तर कलाशिक्षणाच्या पदवीत शाळा हा एक मार्ग आणि संग्रहालय व समाज हा दुसरा, अशी निवडच करता येते. कलाशाखेचाच विद्यार्थी लागतो असंही नाही. माझ्याबरोबर रसायनशास्त्र शिकून आलेली एक मुलगी होती. तिला वस्तूंचे रोग माझ्या आधी कळायचे.

नोकऱ्या मुबलक आहेत, असं मी म्हणणार नाही. पगारही भुरळ पडावी असे नसतात. छोट्या संग्रहालयांत शिक्षण अधिकारी हे पदच बहुधा नसतं. एकच माणूस नोंदी ठेवतो, तिकीट फाडतो आणि शाळा आली की दालनही दाखवतो. पण चित्र बदलतं आहे. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयानं २०१५ साली बसमधलं फिरतं संग्रहालय सुरू केलं आणि ते शाळांच्या, गावांच्या दारात नेलं. २०१९ साली तिथं मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं. सयाजीरावांच्या पुस्तकांच्या पेट्यांचीच ही पुढची पिढी म्हणायची.

आता शेवटचं. ज्या वर्षी पाटी बदलली, त्या वर्षी नवरात्रात मी आईबरोबर औंधला गेले. देवीचं दर्शन झालं. उतरताना तिला म्हटलं, ‘आज आत जाऊ या.’ ती घुटमळली. चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, ‘अगं, घाल पायात.’ तिनं घातल्या नाहीत. दालनांतून ती हळूहळू फिरली. हेन्री मूरच्या शिल्पापाशी आल्यावर मी तिला पाटी वाचून दाखवली नाही. शिल्पकाराचं नावही सांगितलं नाही. विचारलं, ‘इथं काय चाललंय?’

‘आई हाय की.’

‘कशावरून?’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं शिकून ही असं काय विचारते! मग म्हणाली, ‘कसं धरलंय बघ पोराला. आईबिगर कोन धरंल?’ आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण सत्तावीस सेकंद केव्हाच उलटून गेले होते.

‘म्युझियम दाखवायला शिकावं लागतं?’ या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. दाखवायला फारसं शिकावं लागत नाही. विचारायला शिकावं लागतं, आणि विचारून झाल्यावर गप्प बसून ऐकायला तर त्याहून जास्त.

तेव्हा एक सुचवते. तुमच्या गावाजवळ एखादं संग्रहालय असेलच. येत्या सुट्टीत तिथं जा. मुलांना न्या, पण त्यांच्याबरोबर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाही न्या. पाटी आधी वाचू नका. वस्तूपुढं उभं राहून त्यांना एकच विचारा, ‘हे काय असेल?’ कुणी सांगावं, पाटीवर न लिहिलेलं काहीतरी तुमच्याच घरात सापडेल. सापडलं, तर तिथल्या अधिकाऱ्यांना ते जरूर सांगा. ते ‘कशावरून?’ असं विचारतील. रागावू नका. उत्तर द्या.